टाकीत किती उरलंय?

बाइक रिझर्व्हला लागली की आपण पंप शोधतो. नाहीच सापडला तर ढकलत नेतो. विमानाला ही सोय नाही. चार्ल्स लिंडबर्गला हे चोविसाव्या वर्षी कळलं, तेही भर रात्री, हवेत असताना.

१९०२ साली अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये जन्मलेला हा मुलगा इंजिनिअरिंग अर्धवट सोडून विमान शिकला आणि सेंट लुइस ते शिकागो टपाल नेऊ लागला. १६ सप्टेंबर १९२६ च्या रात्री शिकागोवर दाट धुकं होतं. उतरायला जागा मिळेना, तो घिरट्या घालत राहिला. पेट्रोल अजून पुरेल, असा त्याचा हिशोब होता. पण ११० गॅलनची टाकी दुरुस्तीला काढून तिथे ८५ गॅलनची बसवली होती आणि हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं! इंजिन बंद पडलं. राखीव टाकीही संपत आली तेव्हा त्याने पॅराशूट घेऊन उडी मारली. पुढची गोष्ट तर भन्नाट आहे. विमानाचं नाक खाली झुकलं, तळाशी उरलेलं थोडं पेट्रोल इंजिनात पोचलं आणि रिकामं विमान सुरू होऊन त्याच्याच भोवती फिरू लागलं. तो थोडक्यात वाचला. नोव्हेंबरमध्ये पुन्हा तेच झालं. खराब हवा, रिकामी टाकी आणि उडी.

पुढच्याच वर्षी तो न्यूयॉर्क ते पॅरिस एकट्याने, न थांबता उडाला. एकच इंजिन, सुमारे १७०० लिटर पेट्रोल. मोठी टाकी समोर ठेवल्यामुळे पुढची काचच नव्हती. वजन वाचवायला त्याने रेडिओ घेतला नाही, आणि आधी चार वेळा जीव वाचवणारं पॅराशूटही नाही. पाच टाक्या आलटूनपालटून वापरत तो पेन्सिलीने तासातासाचा हिशोब मांडत गेला. २१ मे १९२७ ला साडेतेहतीस तासांनी पॅरिसला उतरला, तेव्हा जवळपास ३२० लिटर शिल्लक होतं.

मात्र माणूस म्हणून तो साधासरळ हिरो नव्हता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने पडू नये यासाठी त्याने मोहीम चालवली. १९४१ च्या भाषणात ज्यूंवर ठपका ठेवला, त्यावर चौफेर टीका झाली.

१९४४ मध्ये तो साधा नागरिक म्हणून न्यू गिनीत पोचला. तिथे पी-३८ विमानं घेऊन गेलेले पायलट टाकीच्या तळाशी येऊन परतायचे आणि लिंडबर्गच्या टाकीत मात्र बरंच उरायचं. त्याची युक्ती सोपी होती. इंजिनाचे फेरे कमी, दाब जास्त, मिश्रणात पेट्रोल कमी. इंजिन खराब होईल, असं तरुण पायलटना वाटत होतं. झालं नाही. तीच विमानं आता आणखी लांब जाऊन परत येऊ लागली.

१९७४ साली हवाईत तो वारला. पॅरिसला गेलेलं ते विमान आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. त्याच्या पॅनलवर पेट्रोलचा हिशोब मांडणाऱ्या पेन्सिलीच्या रेघा अजून आहेत.