विश्लेषण : मजुराला जगायला किती धान्य लागते? सर रिचर्ड टेम्पल यांच्या दोन दुष्काळांची कहाणी

एकाच अधिकाऱ्याने चार वर्षांत दोन दुष्काळ हाताळले. पहिल्यात भुकेने जवळपास कोणी मेले नाही, दुसऱ्यात लाखो मेले. सर रिचर्ड टेम्पल हे ते अधिकारी. दुसऱ्या दुष्काळाच्या ऐन भरात ते मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले. त्यांनी ठरवलेली मजुरी आजही ‘टेम्पल वेज’ म्हणून ओळखली जाते.

टेम्पल कोण होते?

इंग्लंडमधील वूस्टरशायरच्या जमीनदार घराण्यात १८२६ मध्ये त्यांचा जन्म झाला. रग्बीची शाळा, मग कंपनी सरकारचे हेलीबरी कॉलेज आणि १८४७ च्या सुमारास हिंदुस्थानात आगमन, ही त्या काळच्या मुलकी अधिकाऱ्याची ठरलेली वाट. पंजाबात जॉन लॉरेन्स यांच्या हाताखाली ते तयार झाले. १८६२ पासून काही वर्षे नागपूरला मध्य प्रांताचे चीफ कमिशनर होते. मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांची आदिवासींविषयीची टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर टेम्पल यांनीच संपादित करून प्रसिद्ध केली. पुढे हैदराबादची रेसिडेन्सी आणि व्हाइसरॉयच्या कौन्सिलात अर्थखाते. प्रचंड कामाचा उरक, घोड्यावरून मैलोन्‌मैल दौरे, फावल्या वेळात जलरंगातली चित्रे. वरिष्ठांना काय हवे आहे, हे ओळखण्यातही ते तरबेज होते. पुढची गोष्ट समजून घ्यायला हा शेवटचा गुण ध्यानात ठेवावा लागतो.

बिहारमध्ये काय घडले?

१८६६ च्या ओरिसा दुष्काळात सरकार हातावर हात ठेवून बसले आणि सुमारे दहा लाख माणसे मेली. त्याची लाज ताजी असतानाच १८७३ च्या अखेरीस बिहार आणि उत्तर बंगालमध्ये भाताचे पीक बुडाले. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी या वेळी हयगय करायची नाही असे ठरवले आणि मदतकार्य टेम्पल यांच्याकडे सोपवले. थोड्याच दिवसांत ते बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले.

ब्रह्मदेशातून आणि इतर ठिकाणांहून सरकारने साडेचार लाख टनांहून अधिक तांदूळ विकत घेतला. तो गंगेकाठी उतरवून बैलगाड्यांनी आत पोहोचवला. गाड्या कमी पडतील म्हणून दरभंग्यापर्यंत घाईघाईने रेल्वे टाकली. एप्रिल १८७४ मध्ये ती सुरूही झाली. काम करू शकणाऱ्यांना काम, न करू शकणाऱ्यांना फुकट धान्य, आणि मागणाऱ्याची फार उलटतपासणी नाही. सरकारी नोंदीत भूकबळी अगदी मोजके राहिले.

मग कौतुक का झाले नाही?

खर्च साडेसहा कोटी रुपयांच्या घरात गेला आणि सुमारे लाखभर टन तांदूळ उरला. लंडनमध्ये ओरड झाली. जिथे माणसे मेलीच नाहीत, तिथे दुष्काळ एवढा मोठा होता कशावरून, असा उलटा प्रश्न आला. बाजारात सरकारने हात घालायचा नसतो, हे त्या काळचे अर्थशास्त्र. ते मोडल्याचा ठपका टेम्पल यांच्यावर आला. वाचलेले जीव हिशेबाच्या वहीत दिसत नाहीत, उरलेला तांदूळ दिसतो. हा बोल त्यांच्या मनाला फार लागला असावा.

१८७७ मध्ये भूमिका कशी बदलली?

१८७६ चा पाऊस दख्खन, म्हैसूर आणि मद्रास इलाख्यात दगा देऊन गेला. पुढच्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर करणारा दरबार थाटात भरला. अफगाण सरहद्दीकडे डोळे लावून बसलेल्या लॉर्ड लिटन यांना तिजोरी सांभाळायची होती. दुष्काळग्रस्त इलाख्यांत विशेष प्रतिनिधी म्हणून त्यांनी टेम्पल यांना धाडले, काटकसरीचा स्पष्ट आदेश देऊन.

टेम्पल यांनी आदेश तंतोतंत पाळला. मदत कामांवरून मोठ्या संख्येने नावे कमी झाली. गावाजवळची छोटी कामे बंद करून माणसांना दूरच्या मोठ्या कामांवर जायला लावले, म्हणजे खरोखर नडलेलाच येईल. आणि पुरुष मजुराचा रोज ठरला एक पौंड धान्याची किंमत अधिक एक आणा. बायका-मुलांना त्याहून कमी. एक पौंड म्हणजे जवळपास अच्छेर, साडेचारशे ग्रॅम. मद्रासेत आधी याच्या दीडपट धान्य मिळत होते. मद्रास सरकार पैसा उधळत होते, हे टेम्पल यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते. पण त्याची किंमत मजुराच्या ताटातून वसूल झाली.

एक पौंड पुरेसा होता का?

साडेचारशे ग्रॅम तांदळातून साधारण सोळाशे उष्मांक मिळतात. दुष्काळी भावात वरच्या आण्यात मीठ-मिरची, डाळ, सरपण काय काय येणार? दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा येथे ३६ धडधाकट तरुणांवर उपासमारीचा प्रयोग झाला. दिवसाला सुमारे १,५७० उष्मांकांवर २४ आठवड्यांत त्यांचे वजन जवळपास चौथ्या हिश्शाने घटले. अंगावर सूज, चिडचिड, उदासी, डोक्यात अन्नाशिवाय दुसरा विचार नाही. ती मुले खडी फोडत नव्हती, आणि प्रयोगाआधी पोटभर जेवलेली होती.

मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी हे तेव्हाच बजावले होते. टेम्पल यांच्याकडे प्रत्युत्तराला वैद्यकीय आधार नव्हता, स्वतःची पाहणी होती. अखेर मद्रास सरकारने काही महिन्यांत धान्य वाढवले. तोवर अशक्त शरीरांत पटकी, हगवण आणि पावसानंतरचा हिवताप शिरला. नोंदीत मृत्यू त्या रोगांच्या नावे लागले. मेळघाटातले मृत्यू कुपोषणाचे की आजाराचे, हा वाद वाचणाऱ्यांना ही सोय ओळखीची वाटेल. त्या दुष्काळात ब्रिटिश मुलखात सुमारे ५५ लाख माणसे मेल्याचा अंदाज आहे.

महाराष्ट्राशी संबंध काय?

जानेवारी १८७७ मध्ये सोलापूर, पुणे, नगरकडच्या कामांवर नवी मजुरी लागू होताच हजारो मजुरांनी कामे सोडली. पोटात अन्न नसताना संप करणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. गणेश वासुदेव जोशी अर्थात सार्वजनिक काकांची पुणे सार्वजनिक सभा त्यांच्या पाठीशी होती. गावोगावची माहिती गोळा करून ती सरकारला धाडत राहिली. सरकारने मात्र संपाचा अर्थ असा लावला की, या लोकांना मदतीची गरजच नाही!

मे महिन्याच्या सुमारास टेम्पल मुंबईचे गव्हर्नर झाले. दौंड-मनमाड रेल्वेचे मातीकाम याच दुष्काळी मजुरांच्या हातचे. ही हलाखी लष्करी हिशेब खात्यातला एक कारकून पाहत होता. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडामागे हा दुष्काळ होता, आणि १८७९ च्या जाहीरनाम्यात त्यांनी ज्या गव्हर्नरच्या शिरावर इनाम लावले, ते टेम्पलच.

पुढे काय झाले?

१८८० च्या दुष्काळ आयोगाने कष्टाचे काम करणाऱ्या पुरुषासाठी दीड पौंडाच्या आसपास धान्य योग्य मानले, म्हणजे कॉर्निश यांच्या जवळपास. त्यातून दुष्काळ संहिता आल्या. काम मागणाऱ्याला काम आणि कामाच्या मापावर मजुरी हे त्यांचे सूत्र १९७२ च्या दुष्काळातल्या खडी केंद्रांवर, नंतर रोजगार हमीत वेगळ्या रूपात दिसले. तिथे तो कायद्याने हक्क झाला.

टेम्पल यांनी १८८० मध्येच मुंबई सोडली, कारण त्यांना ब्रिटिश पार्लमेंटची निवडणूक लढवायची होती. ती हरले, १८८५ मध्ये निवडून आले आणि दहा वर्षे खासदार राहिले. १८९६ मध्ये त्यांचे आत्मचरित्र निघाले. त्याच वर्षी दख्खनमध्ये पाऊस पुन्हा हुकला आणि दुष्काळी कामांवर रांगा लागल्या. टेम्पल १९०२ मध्ये लंडनमध्ये वारले.