गव्हाणीत बाळ नव्हतं

आजचं वाचन : लूक २:१-१४



देवदूत मेंढपाळांना खूण सांगतो ती गव्हाणीची. जनावरांना वैरण घालायची जागा! तारणारा ओळखायचा तो यावरून. आपण दरवर्षी गोठा सजवतो, त्यामुळे या खुणेतलं नवल वाटेनासं झालंय. म्हणून आज असिसीच्या संत फ्रान्सिसबद्दल लिहितोय.

फ्रान्सिस हा कापडाच्या श्रीमंत व्यापाऱ्याचा मुलगा. तरुणपणी मित्रांवर पैसा उधळणारा, सरदार व्हायची हौस असलेला. लढाईत पकडला गेला, पेरुजियाच्या कैदेत सुमारे वर्षभर राहिला, तिथून आजारी होऊन परतला. पुढे तो बापाचा माल विकून पडक्या देवळासाठी पैसे देऊ लागला, तेव्हा बापाने त्याला बिशपांसमोर उभं केलं. १२०६ ची ही गोष्ट. फ्रान्सिसने पैसे तर परत केलेच, अंगावरचे कपडेही काढून बापाच्या पुढ्यात ठेवले. बिशपांनी त्याला आपल्या झग्यात घेतलं. नव्या आयुष्यात अंगावर आलेलं पहिलं वस्त्र असं दुसऱ्याचं होतं.

त्यानंतरच्या वर्षांबद्दल पुष्कळ लिहिता येईल, पण मला थांबायचंय १२२३ च्या डिसेंबरमध्ये. फ्रान्सिस तेव्हा चाळिशीत होता आणि खचला होता. इजिप्तहून आल्यापासून डोळे अधू झाले होते. मूठभर भावांचा संघ आता हजारोंचा झाला होता, आणि त्यांच्यातल्या अनेकांना त्याचं टोकाचं दारिद्र्य झेपत नव्हतं. संघाचा कारभार त्याने १२२० मध्येच सोडला होता. २९ नोव्हेंबर १२२३ रोजी पोप होनोरियस तिसरे यांनी नियमावलीला मंजुरी दिली, पण त्याआधीच्या त्याच्या मसुद्यातला बराच कडकपणा तिच्यात उरला नव्हता. स्वतः उभं केलेलं काम डोळ्यांदेखत हातातून निसटणं म्हणजे काय, हे ज्याने काही उभं केलंय त्याला विचारा.

अशा अवस्थेत नाताळच्या सुमारे पंधरा दिवस आधी त्याने ग्रेच्चोच्या जोव्हान्नी नावाच्या सरदाराला बोलावलं. बेथलेहेमचं बाळ कसल्या अडचणीत जन्मलं, ते त्याला या डोळ्यांनी बघायचं होतं. अधू डोळ्यांनी! जोव्हान्नीने गव्हाणी केली, पेंढा आणला, बैल आणि गाढव आणून बांधलं. रात्री गावातली माणसं मशाली, मेणबत्त्या घेऊन डोंगरावर आली.

थोमास चेलानो याने काही वर्षांतच लिहिलेल्या पहिल्या चरित्रात या रात्रीचं वर्णन आहे. त्यात बाळाच्या मूर्तीचा उल्लेखच नाही. गव्हाणी, पेंढा, जनावरं, एवढंच. आणि त्या गव्हाणीवरच मिस्सा झाली. मला हे फार मोठं वाटतं. जिथे जनावर खातं तिथे देवाने आपला पुत्र ठेवला, आणि तिथेच भाकर मोडली गेली. देवाचं दान नुसतं बघायला नव्हतं, खायला होतं.

फ्रान्सिस धर्मगुरू नव्हता, डिकन होता. त्याने शुभवर्तमान गायलं, प्रवचन केलं. बेथलेहेम हा शब्द तो मेंढरासारखा लांबवून म्हणायचा, आणि येशूचं नाव घेताना ओठांवरून जीभ फिरवायचा, जणू काही गोड लागलंय! एका भल्या माणसाला त्या गव्हाणीत निजलेलं बाळ दिसलं, आणि फ्रान्सिस त्याला जागं करतोय असं वाटलं.

आमच्या ऑफिसात डिसेंबरमध्ये भेटींची अदलाबदल होते. आधीच रक्कम ठरते, म्हणजे कुणी कुणाचं देणं लागत नाही. आपल्याला असंच बरं वाटतं. भेट घेतली की फेडायची. गव्हाणीतल्या बाळाची परतफेड कशाने करणार? फ्रान्सिसकडे तर त्या रात्री देण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. तब्येत नाही, अधिकार नाही. तरी चेलानो त्याचं वर्णन करतो ते आनंदाने भरून गेलेला माणूस म्हणून.

नंतर लोकांनी तो पेंढा घरी नेला आणि आजारी जनावरांना घातला.

फ्रान्सिस १२२६ मध्ये, ३ ऑक्टोबरच्या संध्याकाळी गेला. शेवट जवळ आल्यावर त्याने स्वतःला उघड्या जमिनीवर, वस्त्राविना ठेवायला लावलं होतं. तेव्हा मठातल्या वडीलधाऱ्याने त्याला एक झगा दिला आणि बजावलं, की हा उसना आहे, यावर तुझा हक्क नाही. ते ऐकून फ्रान्सिसला फार आनंद झाला.