बंद पडलेल्या हृदयाचा कैवारी

हृदय थांबले की सारे संपले, ही समजूत एकेकाळी डॉक्टरांचीही होती. ती न मानणारे अमेरिकन शल्यविशारद म्हणजे डॉ. क्लॉड बेक. 1894 साली पेनसिल्व्हानियातील शामोकिन या कोळसा खाणींच्या गावी ते जन्मले. 1921 साली डॉक्टर झाले आणि पुढे क्लीव्हलँडला स्थिरावले.

त्यांच्यापुढचा प्रश्न कोणता होता? वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाला 33 दरवाजे आहेत. ते ठरल्याप्रमाणे उघडतात, म्हणून पाणी शिस्तीत सुटते. प्रत्येक दरवाजा मनाला येईल तसा उघडझाप करू लागला, तर कसा गोंधळ माजेल! हृदयाचेही तसेच. एरवी विजेच्या सूक्ष्म इशाऱ्यावर त्याचे सारे तंतू एकदिलाने आकसतात. ताल बिघडला, की प्रत्येक तंतू आपापला थरथरतो. रक्त पुढे सरकत नाही आणि काही मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते. विजेचा जोरदार झटका हा गोंधळ एकदम थांबवतो. मग मूळचा ताल परतू शकतो. प्राण्यांवर हे सिद्ध झाले होते. माणसांवरचे बेक यांचे प्रयत्न मात्र फसले होते.

1947 साल उजाडले. 14 वर्षांच्या एका मुलाच्या छातीच्या हाडांची शस्त्रक्रिया आटोपत आली असताना त्याचे हृदय बंद पडले. बेक यांनी छाती पुन्हा उघडली आणि सुमारे पाऊण तास हाताने हृदय दाबत रक्त फिरते ठेवले. विजेचा पहिला झटका वाया गेला. ते थांबले नाहीत. औषध देऊन पुन्हा झटका दिला आणि हृदय तालात धडधडू लागले! मुलगा बरा होऊन घरी गेला.

1955 साली हृदयविकाराने कोसळलेल्या एका 65 वर्षांच्या डॉक्टरांनाही त्यांनी असेच परत आणले. जे हृदय अजून चांगले आहे, ते केवळ ताल चुकला म्हणून मरू द्यायचे नाही, हा त्यांचा आग्रह होता. हृदय पुन्हा सुरू करण्याचे शिक्षणही त्यांनी इतर डॉक्टरांना दिले.

1956 साली डॉ. पॉल झोल यांनी छाती न उघडता, बाहेरूनच झटका देऊन दाखवला. बेक 1971 साली निवर्तले. आज मोठ्या विमानतळांवर असा झटका देणारी पेटी भिंतीवर टांगलेली दिसते. पण पेटी येईपर्यंत रक्त फिरते ठेवावेच लागते. म्हणून कुणी अचानक कोसळले, शुद्ध हरपली आणि श्वास नीट चालत नसला, तर 108 क्रमांकावर फोन करून छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोराने, भरभर दाबत राहावे. बेक यांनी मुठीत धरलेली ती पाऊण तासाची चिकाटी आपल्याही हातांत येऊ शकते.