पाळक मागणाऱ्या मंडळ्या व हेन्री म्यूलेनबर्ग

पेनसिल्व्हेनियांत वसलेल्या तीन जर्मन लूथरन मंडळ्यांनीं १७३३ सालीं पाळक मागण्यास युरोपांत प्रतिनिधि पाठविले. वेतनाची हमी कोणी द्यावी, या वादांत वर्षें लोटलीं. शेवटीं १७४२ च्या नोव्हेंबरांत हाले येथील पुढाऱ्यांनीं पाठविलेले म्यूलेनबर्ग फिलाडेल्फियास पोहोंचले, तों त्या मंडळ्यांत दुसरेच उपदेशक जम बसवून होते. म्यूलेनबर्गांनीं धीर सोडला नाहीं. भोंवतालीं नाना भाषांचे लोक पाहून त्यांनीं जर्मन, डच व इंग्रजी भाषांत उपदेश केला आणि १७४८ सालीं पाळकांची व मंडळ्यांच्या प्रतिनिधींची पहिली सभा भरविली. १७८७ सालीं ते वारले.

प्रिय वाचकहो, सेवक मागण्यापूर्वीं मंडळीनें त्याच्या भाकरीची सोय करावी, व सेवकानें शेजाऱ्यांची भाषा शिकावी, असें आम्हांस वाटतें.