टायरवर नाव, डोक्यावर कर्ज! रबराला मजबूत करणारे चार्ल्स गुडइयर

ट्रॅक्टरच्या टायरवर ‘गुडइयर’ हे नाव अनेकांनी वाचलं असेल. ते एका माणसाचं आडनाव आहे. चार्ल्स गुडइयर यांचा जन्म २९ डिसेंबर १८०० रोजी अमेरिकेतील न्यू हेवन इथं झाला. लोखंडी सामानाचा धंदा बुडाला आणि त्यांना कर्जापायी तुरुंगात जावं लागलं. त्या काळी कर्ज थकलं की कोठडी ठरलेलीच.

१८३४ च्या सुमारास ते रबराच्या नादाला लागले. झाडाचा चीक वाळवून केलेलं तेव्हाचं रबर म्हणजे नुसता ताप. उन्हाळ्यात पार चिकट होऊन घाण वास मारायचं, थंडीत कडक होऊन तडकायचं. गुडइयर यांनी त्यात चुना घातला, आम्ल वापरून पाहिलं. सरकारकडून टपालाच्या १५० पिशव्यांचं काम मिळालं, तर उकाड्यात पिशव्याच वितळल्या! घरात दाणा नाही, मुलांची शाळेची पुस्तकंसुद्धा विकली. प्रयोग मात्र सुरूच.

गंधक मिसळायची युक्ती त्यांनी नॅथॅनिएल हेवर्ड यांच्याकडून विकत घेतली. तेच गंधक, जे द्राक्षबागेत रोगावर मारतात. १८३९ मध्ये वोबर्न गावी गंधक मिसळलेलं रबर तापलेल्या चुलीवर पडलं. ते वितळलं नाही, चामड्यासारखं झालं. याला नशीब म्हणतात, पण त्यामागे पाच वर्षांची झटापट होती.

नेमकं घडलं काय? रबराचे रेणू लांबलचक दोऱ्यांसारखे असतात. सुटे दोरे उष्णतेत एकमेकांवरून घसरतात, म्हणून रबर ओघळतं. गंधक तापलं की त्या दोऱ्यांना जागोजागी गाठी मारतं, जाळं तयार होतं. ताणलं तर लांबतं, सोडलं की पुन्हा जागेवर. गंधक फार झालं तर मात्र रबर लाकडासारखं टणक होतं. किती आच, किती वेळ, हे बसवण्यात आणखी काही वर्षं गेली.

अमेरिकेत पेटंट मिळालं १८४४ मध्ये. तोवर इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉक यांनी गुडइयर यांच्या रबराचे तुकडे तपासून आपला अर्ज पुढं रेटला होता. १८५२ मध्ये अमेरिकेतला मोठा खटला गुडइयर यांनी जिंकला, पण पैसा हाती टिकला नाही. १८५५ मध्ये पॅरिसलाही कर्जापायी पुन्हा तुरुंगवास झाला.

१ जुलै १८६० रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा डोक्यावर सुमारे २ लाख डॉलरचं कर्ज होतं. टायर कंपनी निघाली १८९८ मध्ये. नाव त्यांचं दिलं, पण त्यांच्या घरच्यांचा त्या कंपनीशी काही संबंध नव्हता.