सुगरणीचा खोपा आणि डॉ. सलीम अली

सलीम अली यांचा जन्म १८९६ साली मुंबईत झाला. आईवडील लवकर गेले, मामांनी सांभाळलं. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीमुळे त्यांना पक्ष्यांची गोडी लागली. पुढे संग्रहालयातली नोकरी सुटली, तेव्हा अलिबागजवळ किहीमला राहून त्यांनी सुगरण पक्षी न्याहाळले. आपण 'सुगरण' म्हणतो, पण खोपा विणतो नर! अर्धा खोपा मादीला पसंत पडला, तरच तो पूर्ण करतो. मग दुसरा सुरू करतो. १९८७ साली ते वारले.

आपल्या बुलढाण्यातही विहिरीवर झुकलेल्या बाभळीला खोपे लटकतात. काटे आणि खालचं पाणी पिल्लांना राखतात. बाभूळ तुटली की वसाहतच उठते. म्हणून पावसाळ्यात मुलांना खोपे लांबूनच दाखवा, रोजची नोंद वहीत करायला सांगा.