सेवेला विद्येची जोड देणाऱ्या रमाबाई रानडे

(द्वितीय वर्ष, कला)

माझी आई आठवीपर्यंत शिकलेली. बोईसरहून मनोरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत आमचा पाडा आहे. तिथे ती आशा कार्यकर्ती म्हणून काम करते. अधूनमधून तिला प्रशिक्षणाला जावे लागते. गेल्या वर्षीच्या प्रशिक्षणात अंथरुणाला खिळलेल्या, बरे न होणाऱ्या रोग्यांची घरच्या घरी शुश्रूषा कशी करावी, हा विषय होता. तिथली पुस्तिका आईने घरी आणली आणि रात्री भाकऱ्या आटोपल्यावर ती माझ्याकडे शब्दांचे अर्थ विचारू लागली. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. पण मला त्या विचारण्याचा कंटाळा येई. आजीचे दुखणे काढताना कुठे पुस्तक लागले होते, असे मी एकदा फटकन बोलून गेले. त्यानंतर आठ दिवस आईने पुस्तिका उघडली नाही. हे काम आपल्याला झेपणारे नाही, सोडून द्यावे, असे तिच्या मनात आले होते, हे मला मागाहून कळले.

त्याच सुमारास आपल्या ग्रंथालयात रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे १९१० साली निघालेले पुस्तक माझ्या हाती पडले. ते वाचून मी जी खजील झाले, त्यातूनच हा लेख लिहावासा वाटला.

रमाबाईंचा जन्म १८६२ साली, आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे कुर्लेकरांच्या घरी झाला. मुलींना शिकवू नये, अशीच तेव्हा रीत होती. १८७३ साली अकराव्या वर्षी त्यांचे लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. पती तिशी ओलांडलेले, विद्वान आणि सरकारी न्यायखात्यात अधिकारी. त्यांनी लग्नानंतर लगेच पत्नीला मुळाक्षरांपासून शिकवायला घेतले. परंतु घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे मुळीच खपत नव्हते. दिवसा टोमणे आणि अबोला सोसायचा, रात्री धडा गिरवायचा, असे त्या मुलीचे शिक्षण चालले. मराठी झाल्यावर इंग्रजी आले. १८८४ साली पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले, ते पुढे हुजूरपागा म्हणून प्रसिद्ध झाले. त्या प्रसंगी भरसभेत रमाबाईंनी इंग्रजीतून भाषण वाचले. बाहेर त्यांचे कौतुक झाले, घरी मात्र बोलणी खावी लागली. तरी ना त्यांनी घर तोडले, ना पुस्तक सोडले.

१८९३ साली रानडे मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले. पुढे त्यांना हृदयविकार जडला. अखेरच्या आजारात रमाबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. दुखणे हाताबाहेर चालले आहे हे दिसत असताना रोग्यासमोर चेहरा स्थिर ठेवणे किती कठीण असते, हे त्यांनी अनुभवले. १६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती गेले. रमाबाईंनी तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. पुण्यात येऊन जवळजवळ वर्षभर त्या घराबाहेर पडल्या नाहीत.

बाहेर पडल्या त्या दुसऱ्यांच्या दुःखाकडे. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री-कैद्यांना त्या भेटू लागल्या. इस्पितळात जाऊन रोग्यांची विचारपूस करू लागल्या, त्यांना फळे-फुले देऊ लागल्या. पण नुसत्या विचारपुशीने रोग्याची वेदना कमी होत नाही. त्यासाठी शिकलेले हात हवेत, आणि आपल्या समाजातील बायका तर परिचारिकेचे काम हलके मानून त्यापासून दूर राहत होत्या.

२ ऑक्टोबर १९०९ रोजी पुण्यात रमाबाईंच्या राहत्या घरी सेवासदनाचे काम सुरू झाले. गोपाळ कृष्ण देवधर हे त्यांचे खंबीर सहकारी. रमाबाईंनी तेव्हा पंचेचाळिशी ओलांडली होती. सेवासदनात प्रौढ स्त्रियांसाठी लेखन-वाचनाचे वर्ग होते, शिवणकाम होते आणि प्रथमोपचार व रुग्णशुश्रूषेचे शिक्षणही होते. पुढे विधवा आणि संसारी बायका ससून रुग्णालयात परिचारिकेचे व सुईणीचे शिक्षण घेऊ लागल्या. त्यांच्या राहण्यासाठी वसतिगृह निघाले. लोकांनी नाके मुरडली. परंतु ज्यांनी स्वतःच्या माजघरात टोमणे सोसले होते, त्या लोकांच्या बोलण्याला थोड्याच भिणार? १९२४ साली रमाबाईंचे निधन झाले, तोवर सेवासदन चांगले रुजले होते.

मला या चरित्रात सर्वांत मोठी वाटते ती एकच गोष्ट. मायेला विद्येची जोड हवी, आणि ती विद्या घेण्याचे वय कधीच टळत नाही, हे रमाबाईंनी आधी स्वतः आचरले आणि मगच इतरांना सांगितले. १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हे मरणासन्न रोग्यांचे शुश्रूषागृह काढणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांचेही तसेच आहे. त्या आधी परिचारिका होत्या आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर डॉक्टर झाल्या. आपल्या देशातले असे पहिले शुश्रूषागृह, 'शांती आवेदना सदन', १९८६ साली वांद्र्याला निघाले.

पण वाचकहो, वांद्रे आमच्या पाड्यापासून फार दूर आहे. आपल्या भागातला कर्करोगाचा रोगी गाडीने परळच्या टाटा रुग्णालयात जातो आणि उपाय संपले की घरी परत येतो. मग त्याच्या खाटेपाशी कोण असते? घरची माणसे आणि माझ्या आईसारखी एखादी आठवी शिकलेली बाई. पडून राहिलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात. तोंड ओल्या फडक्याने पुसावे लागते. वेदना असह्य झाल्या तर ते सोसायचेच असते असे न म्हणता डॉक्टरांना कळवावे लागते. हे सारे त्या पुस्तिकेत होते. आजीच्या पाठीला जखमा झाल्या होत्या, तेव्हा माया आमच्याकडे भरपूर होती. हे ज्ञान मात्र कोणालाच नव्हते.

न्यायमूर्तींच्या घरातील त्या बायकांची जागा आमच्या घरात मी घेतली होती, हे उमजल्यावर मीच पुस्तिका काढून आईपुढे ठेवली. आता रात्री भाकऱ्या झाल्या की आम्ही दोघी दिव्याखाली बसतो. ती विचारते, मी सांगते. कधी मलाही अर्थ येत नाही, मग आम्ही दोघी मिळून तो शोधतो. पुढच्या महिन्यात तिचे आणखी एक प्रशिक्षण आहे, आणि ती जाणार आहे.